ओळख पटवून घेऊन जावे

प्रस्तावना

मालगुंड बाहेरच्या माणसाला ठाऊक असतं ते केशवसुतांचं जन्मगाव म्हणून, नाहीतर गणपतीपुळ्याच्या पलीकडचं गाव म्हणून. सुट्ट्या लागल्या की पुळ्याची गर्दी इथल्या गायवाडीच्या किनाऱ्यापर्यंत येते. पाण्यात आकसलेल्या बोटातून अंगठी निसटते, गळ्यातलं तुटतं, पाकीट नाहीतर गाडीची किल्ली वाळूत जाते. ओहोटी लागली की त्यातलं काही वर येतं आणि कुणाच्या तरी हाती लागतं. हे पुस्तक तिथून पुढे काय व्हावं याविषयी आहे.

आपल्याकडे हा विषय येतो तो बातमीपुरता. रिक्षाचालकाचा प्रामाणिकपणा, दागिने परत, शाल-श्रीफळ, फोटो. सत्कार जरूर व्हावा. पण वस्तू खिशात न घालण्याचा निर्णय एका क्षणाचा असतो. ती योग्य माणसाच्या हाती पडेपर्यंतचं काम मात्र दिवसेंदिवस चालतं, आणि त्याला डोकं लागतं. मालक शोधायचा कसा? आलेला माणूस खरा कशावरून? तोवर वस्तू सांभाळायची कुणी, किती दिवस? ज्याला सापडली त्याला काय मिळावं? मालक आलाच नाही तर? परत करण्याची नीती या प्रश्नांत आहे असं मी मानतो, आणि नव्या वाचकाने याच वाटेने विषयात यावं असं मला मनापासून वाटतं.

समजा, गायवाडीच्या वाळूत मंगळसूत्र सापडलं. आजकाल पहिल्यांदा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला जातो. हेतू चांगलाच असतो, पण त्या एका फोटोने खरी मालकीण आणि तोतया यांना एका रांगेत उभं केलं. वाट्या एक की दोन, मणी तारेत गाठवलेले की दोऱ्यात ओवलेले, कुठल्या कडीला डाग देऊन जोडलंय, हे आता सगळ्या गावाला ठाऊक झालं. मालकिणीने सांगावं असं काही उरलंच नाही. जत्रेत माईकवर बसलेला माणूस हे काम जास्त नीट करतो. ‘एक सोन्याचा दागिना सापडला आहे, ज्यांचा असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावे.’ इतकंच बोलतो आणि थांबतो. बाकीचं येणाऱ्याने सांगायचं. अलीकडच्या दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो. बीआयएसच्या अ‍ॅपवर तो घातला की कोणत्या सराफाने हॉलमार्क करून घेतला ते कळतं. मालकिणीचं नाव तिथे नसतं, पण सराफाच्या दुकानापर्यंतचा दुवा मिळतो. आजेसासूच्या पाटल्या मोडून घडवलेल्या जुन्या मंगळसूत्रावर असलं काहीच नसतं. तिथे त्या बाईची आठवण हाच पुरावा.

माईकवरच्या माणसाची ही रीत फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हरवलेल्या धनाबद्दल राजाला सांगितलंय की मालक न कळलेलं धन तीन वर्षं राखून ठेवावं, आणि ‘माझं आहे’ म्हणत येणाऱ्याला त्याचं रूप विचारावं, संख्या विचारावी, कुठे आणि केव्हा हरवलं ते विचारावं. सांगता आलं नाही तर तेवढ्याच किमतीचा दंड. सांभाळणुकीबद्दल राजाचा वाटा सहावा, दहावा किंवा बारावा. याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या मिताक्षरेत विज्ञानेश्वराने, केव्हा कोणता वाटा, हा घोळ वर्षांच्या हिशेबाने सोडवला. पहिल्या वर्षात मालक आला तर सगळं परत, दुसऱ्या वर्षी बारावा हिस्सा कापून, तिसऱ्या वर्षी दहावा, त्यानंतर सहावा. त्याच स्मृतीवर बाराव्या शतकात मोठी टीका लिहिली अपरार्काने, म्हणजे उत्तर कोकणच्या शिलाहार राजा अपरादित्याने. सापडलेल्या धनाचं काय करायचं हा ज्याच्या दरबारातला रोजचा प्रश्न, त्याच्याच नावावर त्या प्रश्नाचं शास्त्रही आहे. या सगळ्या ग्रंथांची वाट ज्यांनी आपल्याला मोकळी करून दिली ते भारतरत्न पां. वा. काणे रत्नागिरी जिल्ह्यातलेच, दापोलीच्या शाळेत शिकलेले. त्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांचा आहे. त्याला घाबरू नये, विषयसूची हाताशी धरून त्यात उतरावं.

या परंपरेत सलणारी गोष्टही आहे आणि ती झाकून ठेवणं मला मान्य नाही. जमिनीत पुरलेला ठेवा विद्वान ब्राह्मणाला सापडला तर तो सगळा त्याचा, आणि इतर कुणाला सापडला तर राजाचा हात आत, असं याच स्मृती सांगतात. ज्या ग्रंथाने खूण विचारायला शिकवलं त्यानेच ज्याला सापडलं त्याची जातही विचारली. दोन्ही वाचायला हवं.

कोकणातले मुसलमान शाफई परंपरेचे. त्यांच्या फिकहमध्ये, म्हणजे धर्मकायद्यात, सापडलेल्या वस्तूंवर लुकता नावाचं स्वतंत्र प्रकरण आहे. थैली कसली, ती बांधलेली दोरी कसली, हे आधी नीट लक्षात ठेवावं आणि मग वर्षभर पुकारा करावा. ज्यूंच्या मिश्ना या जुन्या धर्मसंहितेतही एक अख्खा अध्याय याच विषयाचा आहे आणि तिथेही सगळा भर खुणेवर. एकमेकांपासून इतक्या दूर घडलेल्या तीन परंपरांनी आधी खूण जपायला सांगितलं, हे मला या अभ्यासातलं सर्वांत आश्वासक सत्य वाटतं.

आजचा कायदा थोडक्यात सांगतो. १८७२च्या करार कायद्याचं ७१वं कलम सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ठेवीदाराकडून माल सांभाळायला घेतलेल्या माणसाइतकी जबाबदारी टाकतं. उचललीत, म्हणजे सांभाळणं आलं. भारतीय न्याय संहितेचं ३१४वं कलम, जे पूर्वी दंड संहितेचं ४०३ होतं, सांगतं की मालकाला देण्यासाठी वस्तू उचलणं गुन्हा नाही. मालक माहीत असताना, किंवा शोधायचे वाजवी प्रयत्न न करता आणि वाजवी वेळ न थांबता ती आपली करणं हा गुन्हा. वाजवी किती, ते त्या त्या प्रकरणात ठरतं. रस्त्यात रुपया मिळाला आणि कुणाचा ते ठाऊक नाही, तर गुन्हा नाही. पत्रासोबत नोट मिळाली आणि पत्रावरून मालक कळला, तर आहे. घराचं जोतं खणताना काही लागलं तर मात्र १८७८चा निखात निधी कायदा. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, आणि तो दहाचा आकडा कायद्यात अजून तसाच आहे.

आता किनाऱ्याकडे येतो, कारण तिथे उलटी परंपराही होती. १६७४ साली राज्याभिषेकाच्या सुमारास इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन तहाच्या बोलण्यांसाठी रायगडावर होता. इंग्रजांची एक मागणी अशी की वादळाने किनाऱ्याला लागलेली त्यांची जहाजं आणि माल परत मिळावा. बोलण्यांत शिवाजी महाराजांकडून यावर हरकत आली, ती ऑक्झेंडनने लिहून ठेवलीय. हे कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे, आणि इंग्रजांना दिलं तर फ्रेंच आणि डचही मागतील. वाहून आलेला माल किनाऱ्याच्या सत्तेचा, हा रिवाज युरोपच्या किनाऱ्यांवरही होता, त्यामुळे इथे निवाड्याची घाई नको. पण त्याच्या चारशेहून अधिक वर्षं आधी, तेराव्या शतकात, काकतीय गणपतिदेवाने आंध्रातल्या मोटुपल्ली बंदरात शिलालेख कोरून व्यापाऱ्यांना अभय दिलं होतं की फुटल्या जहाजाचा माल आम्ही लुटणार नाही, ठरलेली जकात तेवढी घेऊ. रिवाज बदलता येतो, हे त्या दगडावर लिहिलेलं आहे.

वस्तू ज्याला सापडते तो कोण असतो, याकडे अभ्यासकांचं फारसं लक्ष गेलेलं नाही. माझं सगळ्यात जास्त लक्ष तिथे आहे. वस्तू सापडतात त्या किनारा झाडणाऱ्याला, लॉजच्या खोल्या आवरणाऱ्या बाईला, रिक्षावाल्याला, एसटीच्या वाहकाला. कारण वस्तू जिथे पडतात तिथे यांचं काम असतं. आणि काही हरवलं की संशयही आधी यांच्यावरच जातो. ‘पाटल्या दोन होत्या, एकच कशी?’ या एका प्रश्नाच्या धास्तीने माणूस सापडलेली वस्तू न उचलता पुढे जातो. ‘गरीब असूनही प्रामाणिक’ हे बातमीतलं वाक्य मला अपमानास्पद वाटतं, त्या ‘असूनही’मुळे. वस्तू उचलताना दोघंजण साक्षीला घ्यावेत, जमा करताना वजनासकट लेखी पोच घ्यावी, हा सल्ला म्हणूनच या पुस्तकात जागोजागी येतो. करार कायद्याच्या १६८व्या कलमाप्रमाणे मालक शोधण्याच्या श्रमाचा आणि खर्चाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू अडवून धरता येते, पण त्यासाठी दावा लावता येत नाही. जाहीर केलेल्या बक्षिसासाठी मात्र लावता येतो. माझं मत असं की दिवसभराची मजुरी बुडवून पोलीस ठाण्यात बसलेल्या माणसाला ती मजुरी मालकाने न मागता द्यावी. ती दिलेली बक्षिसी नव्हे, देणं आहे.

लोक मुळात परत करतात का? ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१९ साली आलेल्या अभ्यासात ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७ हजारांहून जास्त पाकिटं ‘सापडली’ म्हणून काउंटरवर दिली गेली. पैसे असलेली पाकिटं पैसे नसलेल्यांपेक्षा जास्त परत आली. त्यांतला मला भावलेला निष्कर्ष किल्लीचा आहे. पाकिटात किल्ली असली की परत करणारे आणखी वाढले. किल्लीचा उपयोग फक्त मालकाला. म्हणजे लोकांच्या मनात समोर नसलेला तो माणूस होता.

मालक हयातच नसेल तर काय, हा या क्षेत्रातला सर्वांत अवघड प्रश्न. २४ जानेवारी १९६६ला मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ विमान माँ ब्लांवर कोसळलं. ११७ जण गेले, त्यांत होमी भाभा होते. २०१३ साली एका गिर्यारोहकाला तिथल्या हिमनदीत पाचू, माणकं आणि नीलमांची पेटी सापडली. त्याने ती पोलिसांत दिली. वारस पटले नाहीत, आणि २०२१ साली फ्रेंच कायद्याप्रमाणे तो ऐवज गिर्यारोहक आणि शामोनी गाव यांच्यात निम्मा-निम्मा झाला. कायद्याने झालं ते ठीकच. पण पंचावन्न वर्षांनी खूण सांगणार कोण, याचं उत्तर कुठल्याच स्मृतीत नाही आणि कलमातही नाही.

कायद्याच्या भाषेची सवय नसलेल्यांनी दागिन्यांच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. कलमं मागच्या परिशिष्टात आहेत, ती लागतील तशी पाहावीत. पोलीस ठाण्यातल्या, डेपोतल्या, देवस्थानातल्या हरवल्या-सापडल्याच्या नोंदवह्या पाहायला मिळाल्या तर जरूर पाहाव्यात. या विषयाची खरी साधनं तिथे पडून आहेत, आणि त्यांवर मराठीत काम करायला माणसं हवी आहेत.

मालगुंड, जि. रत्नागिरी