केसपेपरच्या मागच्या बाजूला

लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात १८९५ साली मेरी स्टुअर्ट या बाईंची नेमणूक झाली, ती गरिबांना मदत करण्यासाठी झाली असं कुणाला वाटेल. मुळात त्यांच्यावर पहाऱ्याचं काम होतं. फुकट औषधाच्या रांगेत ऐपतदार लोक घुसतात अशी कारभाऱ्यांची खात्री होती आणि ते लोक हुडकून काढायला कुणीतरी हवं होतं. नेमणूक तीन महिन्यांची, पगार एका धर्मादाय संस्थेचा. बाई रांगेतल्या माणसांना मिळकत विचारू लागल्या. फसवणारे थोडेच निघाले. घरी खायला नाही, त्यामुळे औषधाचा उपयोग होत नाही, असे मात्र ढिगाने निघाले. मग बाईंचं काम हळूहळू बदलत गेलं.

आमच्या पेशाची ही आद्य बाई. मी मुंबई महापालिकेच्या एका रुग्णालयातून वैद्यकीय समाजसेविका म्हणून निवृत्त झाले. सरकारी भाषेत आम्ही ‘समाजसेवा अधीक्षक’, वॉर्डात ‘सोशल वर्कर मॅडम’ आणि पेशंटांच्या तोंडी नुसत्या ‘चिठ्ठीवाल्या बाई’. नव्याने लागलेल्या मुलींना मी मेरी स्टुअर्टची गोष्ट आवर्जून सांगायची, कारण तो संशय अजून आमच्या फॉर्मात शिल्लक आहे. नाव, वय, पत्ता झाला की लगेच मासिक उत्पन्न. रेशनकार्ड पिवळं की केशरी. माणसाला काय होतंय हा रकाना त्याच्याही खाली.

अमेरिकेत सुरुवात निराळी झाली, आणि मला ती जास्त जवळची वाटते. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात डॉ. रिचर्ड कॅबट बाह्यरुग्ण तपासत. दिवसभर राबणाऱ्या बाईला ‘विश्रांती घ्या’ आणि भाकरीला महाग असलेल्याला ‘सकस खा’ असं लिहून देण्याचा त्यांना वीट आला. १९०५ साली त्यांनी गार्नेट पेल्टन या नर्सला कामाला लावलं. थोड्याच महिन्यांत तिला स्वतःलाच क्षय झाला. तिच्या जागी आयडा कॅनन आल्या आणि त्यांनी पुढची कितीतरी वर्षं हा विभाग उभा केला. जागा होती बोळातला एक कोपरा. पगाराची सोय सुरुवातीला हॉस्पिटलने केलेली नव्हती, कॅबटच खिशातून भागवत. भारतातल्या कुठल्याही सोशल वर्करला हे ऐकून हसू येईल. जिन्याखाली, एक्स-रेच्या जुन्या खोलीत, नाहीतर रेकॉर्डच्या गठ्ठ्यांमागे, आमचं टेबल आजही बहुधा अशाच ठिकाणी असतं.

मुंबईत दानधर्म तर रुग्णालयांच्या आधीपासूनच होता. १८४५ साली जे. जे. सुरू झालं ते सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या लाखाच्या देणगीवर. त्यानंतर पारशी, गुजराती, भाटिया शेटियांनी इतकं दिलं, की या शहराच्या जुन्या रुग्णालयांत संगमरवरी पाटी नसलेली भिंत शोधावी लागते. या लोकांबद्दल मला आदर आहे. पण पाटी खाटेवर थांबते. खाटेवरचा माणूस उठून घरी गेला की पुढे काय, आणि मुळात तो आला तेव्हा त्याच्याबरोबरची बायको रात्री कुठे झोपली, हे पाटीला माहीत नसतं.

बायको कुठे झोपते, हे पाहणारा माणूस भेटला तो शेटिया नव्हता. डोक्यावर खापर, अंगावर चिंध्यांचं वस्त्र, असे गाडगेबाबा. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे वारकऱ्यांसाठी धर्मशाळा बांधणाऱ्या बाबांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या आवारातही धर्मशाळा उभी केली, ती पेशंटच्या नातेवाइकांसाठी. तीर्थाच्या गावी जी सोय लागते तीच इस्पितळाच्या दारी लागते, हे त्यांनी ओळखलं. निरक्षर कीर्तनकाराला जे दिसलं ते आरोग्यखात्याच्या नकाशांत कितीतरी वर्षं दिसत नव्हतं. दादरला त्यांच्याच नावाची धर्मशाळा टाटा रुग्णालयात येणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटांना आसरा देते. मी किती लोकांना तिथे पाठवलं याचा हिशेब नाही. विदर्भातून, बिहारमधून, बंगालमधून आलेली कुटुंबं उपचार संपेपर्यंत तिथे राहिली. धर्मशाळा नसती तर त्यांनी परळच्या फुटपाथवर चार दिवस काढले असते आणि पाचव्या दिवशी गाडी पकडली असती. तपासणीचे कागद गावी ट्रंकेत पडले असते.

धर्मशाळा ही एक बाजू. शिकलेल्या, पगारी माणसाने हे काम रोज करायचं, ही कल्पना इथे आली ती नागपाड्यातून. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी तिथे नेबरहूड हाऊस चालवत. आजूबाजूला चाळी, बाजार, गिरणगावाची सरहद्द. १९३६ साली टाटा ट्रस्टच्या मदतीने तिथेच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी. हीच संस्था पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली आणि देवनारला गेली. नागपाड्याहून जे. जे. पायी जाण्याच्या अंतरावर. १९४६ साली जे. जे. मध्ये देशातली पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली, यात त्या अंतराचा वाटा असावा असं मला आपलं वाटतं. त्याच वर्षी सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला. देशाची आरोग्यव्यवस्था कशी असावी याचा तो मोठा आराखडा, आणि रुग्णालयांत प्रशिक्षित समाजसेवक हवेत हे त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. लिहिलेलं सगळं झालं असतं तर काय हवं होतं!

आमच्या कामाला खरं वजन आलं ते क्षयामुळे. पूर्वी क्षयाचा माणूस म्हणजे मिरजेचं नाहीतर पाचगणीचं आरोग्यधाम, मोकळी हवा, दूध, अंडी, महिनोन्‌महिने मुक्काम. ते परवडणारे मूठभर. १९५६ पासून मद्रासमध्ये एक प्रयोग झाला. निम्म्या रुग्णांना आरोग्यधामात ठेवलं, निम्म्यांना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरांत ठेवून गोळ्या दिल्या. १९५९ साली निष्कर्ष छापून आला: घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले आणि घरच्यांना लागण होण्याचं प्रमाणही त्यामुळे वाढलं नाही. सगळ्या जगाची पद्धत त्याने बदलली. पण याचा अर्थ असा की उपचाराची जागा आता घर झाली, आणि घरात काय चाललंय हे बघायला कुणीतरी जिना चढून जायला हवं. ते आम्ही गेलो. शिवडी, काळाचौकी, बीडीडी चाळी, नंतर धारावी आणि गोवंडी.

मी लागले तेव्हा १९८२ चा गिरणी संप होऊन चार-पाच वर्षं लोटली होती. नोकरी असताना गिरणी कामगाराला ईएसआयचं कार्ड, परळचं विम्याचं हॉस्पिटल, आजारपणात थोडा पगारही. नोकरी गेली तशी कार्डंही गेली. मग ही माणसं आमच्या ओपीडीच्या रांगेत येऊन उभी राहू लागली. त्यांना फुकट औषध घ्यायची सवय नव्हती. उत्पन्नाच्या रकान्यात काय सांगायचं हे त्यांना कळेना. ‘शून्य’ म्हणायची लाज वाटायची. मी ‘अनियमित’ लिहायची.

एका माणसाचं सविस्तर सांगते. जावळीकडचा, मशीद बंदरात ओझी वाहणारा. माथाडी बोर्डात नाव नाही, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी नाही, बोर्डाचं हॉस्पिटल नाही. साखरेने पाय सडलेला. सर्जनने गुडघ्याखाली कापायचं ठरवलं, ऑपरेशनची यादी लागली, आणि सकाळी माणूस म्हणाला, सही देत नाही, मला घरी सोडा. आमच्याकडे याला ‘डामा घेतला’ म्हणतात: डॉक्टरी सल्ला डावलून डिस्चार्ज. हाऊसमनने तासभर समजावलं, मग चिडला. अडाणी आहेत, मरायचंच असतं यांना, असं म्हणत केसपेपर माझ्याकडे पाठवला.

खरी गोष्ट मला सांगितली वॉर्डातल्या मावशींनी. भांडं द्यायला-घ्यायला त्या चार वेळा त्याच्यापाशी जात. त्या म्हणाल्या, “तो पायासाठी नाय रडत बाई, जिन्यासाठी रडतोय.”

मी जाऊन बसले. हळूहळू निघालं. तो गावच्या मंडळाच्या गाळ्यात राहायचा. एका खोलीत पंधरा-वीस माणसं, पाळीपाळीने झोपायचं, खानावळीचे पैसे महिन्याला. तिसरा मजला, लाकडी जिना, संडास खाली. “पाय तोडल्यावर मी हितनं चढायचं कसं बाई? आन् न्हाई चढलो तर ऱ्हायाचं कुठं? गावाकडं घर हाय, पर भावाबरुबर बोलणं न्हाई.” एवढंच होतं. या गोष्टीवर त्याला भूल देणाऱ्या, कापणाऱ्या, टाके घालणाऱ्या कुणाकडेही औषध नव्हतं.

पुढे जे झालं त्यात माझा एकटीचा वाटा फार नाही, म्हणून तर सांगते. सिस्टरने ‘सर, दोन दिवस द्या’ म्हणून यादीत त्याचं नाव मागे घेतलं आणि ते दोन दिवस ताप चढू नये म्हणून ड्रेसिंगवर स्वतः लक्ष ठेवलं. गाळ्याच्या मुकादमाला मी निरोप धाडला. तो रविवारी आला आणि त्याने गावच्या भावाला आणवलं. दोघे भाऊ खाटेच्या दोन बाजूंना बसून आधी विहिरीच्या पाण्यावरून भांडले. मामांनी, म्हणजे आमच्या वॉर्डबॉयनी, त्यांना दटावलं. तिसऱ्या दिवशी सही झाली. तोच हाऊसमन पुढे रोज संध्याकाळी त्याला कुबड्या घेऊन व्हरांड्यात चालवायचा. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत कृत्रिम पायासाठी पाठवलं. पैशाचं म्हणाल तर थोडे ‘पुअर बॉक्स’ फंडातून, थोडे मंडळाच्या भिशीतून. माणूस गावी गेला. भावाच्या ओट्यावर विडी-काडी, बिस्किटं विकू लागला. तपासणीला येई तेव्हा पायाच्या पट्ट्याची तक्रार सांगे, की चिखलात तो सैल होतो. एकदाही कुणाचे आभार मानल्याचं आठवत नाही. मला ते फार बरं वाटायचं.

परिचारिकांविषयी लिहिताना लोक लगेच ‘देवी’ करून टाकतात. केईएमच्या अरुणा शानबाग यांची हकीकत सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच रुग्णालयात नर्स असताना २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर सफाई कामगाराने हल्ला केला आणि त्या १८ मे २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात, वॉर्ड नंबर चारला लागून असलेल्या खोलीत, निपचित जगल्या. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांची तोंडभरून स्तुती केली. इतक्या वर्षांत त्यांना बेडसोअर झाला नाही, याचा उल्लेख झाला. बेडसोअर टळतो तो माणसाला दर थोड्या तासांनी कुशीवर वळवल्याने. म्हणजे बेचाळीस वर्षं, प्रत्येक पाळीत, कुणीतरी वळवलं आणि पुढच्या पाळीला सांगून गेलं. ज्या मुली १९७३ साली जन्मल्याही नव्हत्या त्यांनी वळवलं. यात दैवी काही नाही, ड्युटीचा तक्ता आहे, आणि तो तक्ता पाळणाऱ्यांची जिद्द आहे. ऐंशीच्या दशकात महापालिकेने त्यांना तिथून हलवायचा दोनदा घाट घातला तेव्हा याच परिचारिका आंदोलनाला उभ्या राहिल्या, हे स्तुतीच्या भाषणांत सहसा येत नाही. आरोपीला शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाची, बलात्काराची नाही, हेही येत नाही.

नंतरचा इतिहास योजनांचा आहे आणि तो मी भराभर सांगते. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवणं भाग पडलं. २०१२ पासून राजीव गांधी जीवनदायी योजना आली, तिचीच पुढे महात्मा फुले योजना झाली. प्रवेशद्वाराशी ‘आरोग्यमित्र’ बसू लागला. ज्या ऑपरेशनसाठी आम्ही पूर्वी दहा ट्रस्टांना पत्रं लिहायचो, त्याची मंजुरी आता संगणकावर येते. या योजनांना नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा ती पत्रं लिहून पाहावीत. सिद्धिविनायक, शिर्डी, टाटा, मुख्यमंत्री निधी, प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, आणि पैसे येईस्तोवर कधीकधी माणूस गेलेला असायचा.

पण मंजुरी पॅकेजला मिळते. पॅकेजात शस्त्रक्रिया आहे, खाट आहे, परतीचं गाडीभाडंसुद्धा आहे. गाळ्याचा तिसरा मजला त्यात नाही. तो आम्ही केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहायचो: घरी कोण, पाणी कुठून, जिना किती, भांडण कुणाशी. डॉक्टरांतले शहाणे आधी मागची बाजू वाचायचे.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत केसपेपर संगणकावर गेला. मागची बाजूच राहिली नाही. कंपनीचा एक पोरगा आमच्या विभागात बसून रकाने ठरवत होता. मी हट्टाने ‘घरी कोण आहे’ हा रकाना घालायला लावला. तो म्हणाला, मॅडम, ड्रॉपडाऊनमध्ये पर्याय काय देऊ? मी सांगत गेले: बायको आहे पण माहेरी, मुलगा आहे पण दुबईत, गाळ्यातले गाववाले, शेजारीण, कुणी नाही पण आहे असं सांगतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तीन पर्याय ठेवले. कुटुंब, एकटा, इतर.

परवा जुन्या मैत्रिणीने सांगितलं, त्यांच्या विभागात निम्म्याहून जास्त नोंदी ‘इतर’मध्ये जातात, आणि मुलींनी स्वतःची एक वेगळी वही घातली आहे.