शिवराक

पेडणे-डिचोलीकडच्या एखाद्या घरी सोमवारी जेवायला बसलात, तर घरची बाई आधीच सांगते, "आज आमचें शिवराक." हा शब्द आपल्या तोंडात इतका रुळला आहे की तो आला कुठून, हे विचारायचे कुणाला सुचत नाही. 'श्रावक' म्हणजे जैन गृहस्थ. त्यावरून 'शिवराक' झाला, अशी व्युत्पत्ती अभ्यासक देतात आणि मला ती पटते. (जैन आहात म्हणून पटते, असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.) पण वाचकहो, पटण्याचे कारण तुमच्याच परिसरात पडलेले आहे. डिचोली तालुक्यात कुडण्याला जैन मंदिराचे जांभ्या दगडातले अवशेष आहेत, नार्व्याला जैनकोट आहे, आणि फोंड्याकडे बांदिवड्याला नेमिनाथ बस्तीचे अवशेष आहेत. कदंबांच्या काळी इथे श्रावक राहत होते. पुढे वस्ती उठली, भिंती ढासळल्या. स्वयंपाकघरातला शब्द तेवढा टिकला.

मात्र टिकताना त्याचा अर्थ पालटला. श्रावकाचे शिवराक जन्मभराचे. आपले वारावर आणि तिथीवर. सोमवार, एकादशी, श्रावण, चतुर्थी. दुसऱ्या दिवशी पुन्हा हुमण. याला ढोंग म्हणणारे आमच्यात आहेत. मी म्हणत नाही. नदी, खाजन आणि समुद्र यांवर पोसलेल्या मुलखाने अहिंसेला आपल्या आठवड्यात जमेल तेवढी जागा करून दिली, एवढेच मला त्यात दिसते.

मासळीवरून माणसाची पायरी ठरवण्याचे प्रकार मात्र आपल्याकडे पुष्कळ झाले. मासे खाणाऱ्या ब्राह्मणांना षट्कर्मांचा अधिकार आहे, की ते त्रिकर्मीच, यावर ग्रामण्ये माजली. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांचे 'सरस्वतीमंडळ' 1884 साली निघाले ते याच हवेत. सारस्वत घराण्यातल्याच, साखवाळला 1876 साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी पुढे हा प्रश्न थेट आमच्या अंगणात आणून टाकला.

'भगवान बुद्ध' हा त्यांचा ग्रंथ 1940-41चा. त्यात मांसाहारावर स्वतंत्र प्रकरण आहे. बुद्ध डुकराचे मांस खात, हे त्यांनी पाली आधार देऊन लिहिले. तेवढ्यावर न थांबता, प्राचीन जैन श्रमणही मांस घेत असत, असे आमच्याच आगमांतले उतारे काढून मांडले. समाज खवळला. त्या शब्दांचा अर्थ मांस नव्हे, फळांचा गर आणि बिया, असे आमच्या विद्वानांचे उत्तर होते.

या वादात नेहमी पुढे येणारा एक उतारा भगवतीसूत्राच्या पंधराव्या शतकातला आहे, आणि वैद्याच्या नात्याने मला त्याचे कुतूहल वाटते. महावीर आजारी आहेत, पित्तज्वर आहे, शौचावाटे रक्त जाते. रेवती नावाची श्राविका औषध देते. शब्दशः घेतले तर ते कोंबड्याचे मांस. परंपरेने घेतले तर महाळुंगाचा गर. वनस्पतींना प्राण्यांची नावे देणे आपल्या वैद्यकाला नवे नाही. अश्वगंधा, मत्स्याक्षी, काकमाची, मेषशृंगी ही नावे तुम्हाला कुठल्याही निघंटूत सापडतील. तेव्हा परंपरेचा अर्थ ओढूनताणून आणलेला आहे असे मी म्हणणार नाही. पण मला अधिक मोठा वाटतो तो अकराव्या शतकातला टीकाकार अभयदेवसूरी. काहीजण सरळ अर्थ घेतात, काहीजण फळाचा घेतात, असे दोन्ही पक्ष तो नोंदवतो. नऊशे वर्षांपूर्वी जैन आचार्याला जे लिहिता आले, ते कोसंबींच्या तोंडून ऐकणे आम्हाला जड गेले.

अडीच हजार वर्षांपूर्वी एखाद्या साधूच्या पात्रात काय पडले, यावर माझे ताट अवलंबून नाही. ते तसे अवलंबून ठेवले, तर एखाद्या पोथीचे पान आमची अहिंसा उलटवू शकेल. आरोग्याच्या आधाराचेही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले, लाल मांस संभाव्य कर्करोगकारक. सॉसेज, हॅम खाणाऱ्यांना मी हे जरूर सांगतो. पण मासळीला तो निष्कर्ष लागू नाही, आणि बी-12 जीवनसत्त्व कमी पडते ते बहुधा आम्हा शिवराक मंडळींना. जीव जातो म्हणून खात नाही, हे कारण मला पुरते. त्याला रक्ततपासणीची साक्ष लागत नाही.

तरीही माझे औषधांचे कपाट पूर्ण शिवराक नाही. सेपिया ही माणकीच्या कुळातल्या प्राण्याची शाई, कॅल्केरिया कार्ब कालवाच्या शिंपल्याचे, एपिस तर अख्खी मधमाशी. आणि आमच्यात मधही वर्ज्य. मूळ द्रव्य विरळ करत नेलेले असते, हे खरे. तो खुलासा मी रुग्णांना देतो. घरच्या वडीलधाऱ्यांना तो कधी पुरला नाही.

कोसंबींनी शेवटी 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' लिहिले. ते त्यांच्या पश्चात छापले गेले. शरीर थकले, आता ते इतरांना भार होणार, असे वाटून 1946 साली त्यांनी अन्नत्यागाने देह ठेवायचा निश्चय केला. गांधीजींच्या आग्रहाखातर ते उपोषण सोडले. पुढल्या वर्षी सेवाग्रामला त्यांनी पुन्हा अन्न सोडले आणि 4 जून 1947 रोजी ते गेले. आमच्या धर्मात याला सल्लेखना म्हणतात.