वेलिणकर, रॉय आणि न मिळालेली हवाई छत्री

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढलेले भारतीय वैमानिक बोटांवर मोजण्याइतकेच होते. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर त्यांपैकी एक. केंब्रिजमध्ये शिकलेले हे तरुण २३व्या स्क्वाड्रनमधून लढाऊ विमान चालवीत. जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर त्यांना मृत्यूने गाठले. पंचविशीही उलटली नव्हती. २२ जुलै रोजी कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय पेटत्या विमानासह कोसळले. वय अवघे १९.

हवाई छत्री तेव्हा अस्तित्वात होती. ब्रिटिश बलूनमधील निरीक्षकांना ती मिळे, विमान चालवणाऱ्यांना नाही. त्याच जूनच्या २९ तारखेला जर्मन वैमानिक एर्न्स्ट उडेट छत्रीच्या साहाय्याने उतरून वाचले. वेलिणकर आणि रॉय यांना तो मार्ग शत्रूने नव्हे, त्यांच्याच सैन्याने नाकारला होता.