त्रिमितीय अ‍ॅनिमेशनमधील प्रकाशयोजना

संगणकावर घडविलेले पात्र कितीही रेखीव असले, तरी प्रकाशाचा एकही स्रोत नसेल तर अंतिम चित्र काळेच उमटते. चित्रपटाच्या सेटप्रमाणे येथेही दिवे लावावे लागतात. मोफत मिळणाऱ्या 'ब्लेंडर' या सॉफ्टवेअरच्या आधारे ही प्रकाशयोजना समजून घेता येते.

ब्लेंडरमध्ये 'शिफ्ट' आणि 'ए' या कळा एकत्र दाबून उघडणाऱ्या यादीत 'लाइट' निवडल्यास चार पर्याय मिळतात. 'पॉइंट' हा दिवा बल्बप्रमाणे सर्व दिशांना प्रकाश देतो. 'स्पॉट' शंकूच्या आकाराचा झोत टाकतो. त्याचा कोन आणि कडेचा मऊपणा बदलता येतो. 'एरिया' खिडकीप्रमाणे संपूर्ण पृष्ठभागावरून उजेड पसरवितो. 'सन' समांतर किरण देतो. त्याच्या जागेला महत्त्व नसते, केवळ दिशा विचारात घेतली जाते.

तीव्रता ठरविताना नवशिक्यांची गफलत होते. पहिल्या तीन दिव्यांची शक्ती वॅटमध्ये, तर 'सन'ची दर चौरस मीटरला वॅट अशी मोजली जाते. हे वॅट विजेच्या वापराचे नसून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचे असल्याने घरातील बल्बवरचा आकडा येथे लागू पडत नाही. 'पॉइंट' दिव्याचे अंतर दुप्पट केल्यास वस्तूवरील प्रकाश एक चतुर्थांश उरतो. तेवढाच उजेड राखण्यासाठी शक्ती चौपट करावी लागते.

सावलीचा पोत दिव्याच्या आकारावर ठरतो. सूर्यबिंब आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचे दिसते, म्हणून उन्हातील सावली ठळक असते. ढगाळ दिवशी सारे आकाशच प्रकाश देते आणि सावली पुसट होते. 'एरिया' दिवा मोठा केल्यास हाच परिणाम साधतो.

पात्रासाठी छायाचित्रकारांची तीन दिव्यांची पद्धत उपयोगी ठरते. मुख्य दिवा चेहऱ्याला आकार देतो, पूरक दिवा गडद सावल्या सौम्य करतो आणि मागचा दिवा पात्राला पार्श्वभूमीपासून वेगळे काढतो. प्रत्येक दिवा इतर दिवे बंद ठेवून तपासल्यास दोष चटकन सापडतो.

ही तपासणी आधीच करणे हिताचे. सेकंदाला २४ चौकटी धरल्यास एका मिनिटाच्या दृश्यात १,४४० चौकटी येतात. प्रत्येक चौकटीला दोन मिनिटे लागली, तर एका संगणकाचे ४८ तास खर्ची पडतात. चुकीचा दिवा शेवटी लक्षात आला, तर तेवढेच तास पुन्हा मोजावे लागतात.