आधी विचारायचं, मग पेरायचं



गावात खताचं, बियाण्याचं प्रात्यक्षिक लागतं ते आपण सगळ्याजणींनी पाहिलंय. रस्त्याच्या कडेला प्लॉट, त्यावर रंगीत पाटी आणि पीक कमरेच्या वर. शेजारच्या वावरात तेच पीक गुडघ्याला. विकणारा म्हणतो, "ताई, फरक डोळ्यांनी दिसतोय, अजून काय पाहिजे?" फरक दिसतो, ते खरंच आहे. पण मग एखादी आजी हळूच विचारते, "ते वावर विहिरीला लागून आहे ना? आणि गेल्या साली तिथं मेंढरं बसवली होती." झालं, सगळे हसतात आणि आजी गप्प बसते.

आजीनं जे विचारलं, तेच विचारायला विद्यापीठांमध्ये पगार देऊन माणसं ठेवलेली असतात. त्यांना उपयोजित संख्याशास्त्रज्ञ म्हणतात. नाव अवघड असलं तरी काम सांगायला सोपं आहे. शेतीचा संशोधक खताचा प्रयोग करतो, डॉक्टर औषधाचा करतो, गृहविज्ञानाच्या बाई आहाराचा करतात. संख्याशास्त्रज्ञ या सगळ्यांच्या शेजारी बसतो आणि प्रयोग कसा मांडला तर निघालेल्या उत्तरावर विश्वास ठेवता येईल, ते ठरवायला मदत करतो. प्रयोग दुसऱ्याचा, शेत दुसऱ्याचं आणि पुष्कळदा छापून येणारं नावही दुसऱ्याचं. आज ज्यांची गोष्ट आम्ही सांगणार आहोत, त्या गर्ट्रूड कॉक्स यांनी हेच काम जन्मभर केलं.

अमेरिकेत आयोवा नावाचं राज्य आहे, मक्याचा मुलूख. तिथल्या डेटन गावाजवळ १३ जानेवारी १९०० रोजी गर्ट्रूडचा जन्म झाला. १९१८ मध्ये शाळा संपली. तिला चर्चची सेविका व्हायचं होतं, आणि त्या वाटेवर ती मोंटाना राज्यातल्या एका अनाथाश्रमात मुलांची गृहमाता म्हणून राहिलीही. पण आश्रमाचं प्रमुखपद हवं तर डिग्री लागणार होती. म्हणून १९२५ मध्ये, वयाच्या पंचविशीत, ती एम्स गावच्या आयोवा स्टेट कॉलेजात दाखल झाली. विषय घेतला गणित. कारण काय, तर तो तिला सोपा जायचा! खर्च भागवायला तिनं गणिताचे प्रोफेसर जॉर्ज स्नेडेकर यांच्याकडे आकडेमोडीचं काम धरलं. अनाथाश्रमाकडे परत जाणं मग राहूनच गेलं.

त्या आकडेमोडीबद्दल थोडं सांगायला हवं. आज मोबाइलवर बेरीज होते. तेव्हा टेबलावर ठेवायची वजनदार यंत्रं होती. आकडा दाबायचा, यंत्र फिरवायचं, उत्तर वहीत उतरवायचं. एका प्रयोगाला असे शेकडो आकडे असायचे. त्या काळात हे काम पुष्कळ ठिकाणी बायकांकडे असे, आणि ते कारकुनी समजलं जाई. पण आकडा हातातून गेला की तो कुठून आला ते कळायला लागतं. कुठल्या वाफ्यात पाणी साचलं, कुठल्या डुकराचं वजन मध्येच घटलं, हे आकडे मांडणारीच्या आधी लक्षात येतं. बचतगटाची वही लिहिणाऱ्या मैत्रिणींना हे समजावून सांगायची गरज नाही.

१९२९ मध्ये पदवी, १९३१ मध्ये एम. एस. त्या कॉलेजातून संख्याशास्त्राची ही पदवी घेणारी ती पहिली व्यक्ती. पुढची दोन वर्षं कॅलिफोर्नियात बर्कलीला काढली, आणि १९३३ मध्ये स्नेडेकरांनी परत बोलावलं, कारण कॉलेजात आता संख्याशास्त्राची प्रयोगशाळाच उभी राहिली होती. इथून पुढे आम्ही त्यांना कॉक्सबाई म्हणणार.

या प्रयोगशाळेत संशोधक अडचणी घेऊन येत. कुणाचा मका, कुणाची जनावरं, कुणाचा स्वयंपाकघरातला प्रयोग. पुढे कॉक्सबाईंनी विल्यम कॉक्रन यांच्याबरोबर जे पुस्तक लिहिलं, त्यात प्रयोगाआधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढायला सांगितलंय. प्रयोग कशासाठी करतोय? काय काय करून बघणार, किती ठिकाणी, कशावर? आणि आकडे हाती आल्यावर त्यांचा हिशेब कसा करणार? तिसरा प्रश्न आधीच विचारायचा, ही खरी गंमत आहे. पीक काढल्यावर नाही, पेरायच्या आधी.

आता परत आपल्या वावरात येऊ. समजा तीन खतं पडताळून बघायची आहेत. वावराचा एक कोपरा काळा, मधला भाग बरा, बांधाकडे मुरूम. एक खत काळ्या रानात आणि दुसरं मुरमात टाकलं, तर आपण खत नाही, माती मोजली. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती केंद्रात १९१९ पासून काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी यावर उपाय मांडला होता, आणि ते १९३१ आणि १९३६ मध्ये एम्सला येऊन शिकवूनही गेले. उपाय असा. वावराचे असे पट्टे पाडायचे, की एका पट्ट्यातली माती साधारण सारखी असेल. काळ्या रानाचा एक पट्टा, मधल्याचा एक, मुरमाचा एक. प्रत्येक पट्ट्यात तीन वाफे, म्हणजे तिन्ही खतं प्रत्येक मातीत जाणार. आणि पट्ट्यातल्या कुठल्या वाफ्याला कुठलं खत, ते आपण ठरवायचं नाही. चिठ्ठ्या टाकायच्या. आपण भिशीची चिठ्ठी काढतो, अगदी तशा. कारण माणसाचा हात नकळत आवडत्या खताला चांगला वाफा देतो. त्यात लबाडी असेलच असं नाही, पण हात तसा जातोच.

एवढं केलं की आजीच्या प्रश्नाला उत्तर मिळतं. विहिरीजवळचा पट्टा असला तरी तिन्ही खतं विहिरीजवळ आहेत, आणि लांबच्या पट्ट्यातही तिन्ही आहेत.

कॉक्सबाईंच्या पुस्तकात स्वयंपाकघराच्या बाजूचंही एक उदाहरण आहे, आम्हाला ते फार आवडलं. आयोवा स्टेटमधल्या संशोधिका पॉलीन पॉल यांना बघायचं होतं, की मांस थंडीत किती दिवस ठेवलं म्हणजे शिजवल्यावर मऊ लागतं. अजिबात न ठेवता, १ दिवस, २, ४, ९ आणि १८ दिवस, असे सहा प्रकार. अडचण अशी, की एक जनावर दुसऱ्यासारखं नसतं. खरी तुलना एकाच जनावराच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या त्याच तुकड्यांची. म्हणजे एका वेळी दोनच प्रकार शेजारी ठेवता येणार, आणि प्रकार तर सहा. मग काय करायचं? नागपंचमीला सहा मुली जमल्या आणि प्रत्येकीनं प्रत्येकीशी एकदाच फुगडी घालायची ठरलं, तर किती फुगड्या होतील? पंधरा. तसंच पंधरा जोड्या लावल्या, आणि प्रत्येक प्रकार दुसऱ्या प्रत्येक प्रकाराशी एकदाच भेटला. कुणाच्याही वाट्याला सगळी चांगली जनावरं आली, असं म्हणायला जागा उरली नाही. फुगडीचा हिशेब पोरींनाही येतो. तो प्रयोगात कामाला आणणं, हे या धंद्यातलं कसब.

आता १९४० ची गोष्ट. नॉर्थ कॅरोलिना स्टेट कॉलेजला संख्याशास्त्राचा नवा विभाग काढायचा होता, त्यासाठी प्रमुख हवा होता. त्यांनी स्नेडेकरांकडे नावं मागितली. स्नेडेकरांनी यादी केली, सगळी पुरुषांची. पाठवण्याआधी ती कॉक्सबाईंना दाखवली. बाईंनी सरळ विचारलं, यात माझं नाव का नाही? तेव्हा स्नेडेकरांनी पत्राच्या शेवटी एक वाक्य जोडलं. तुम्ही बाईमाणसाचा विचार करणार असाल, तर माझी शिफारस गर्ट्रूड कॉक्स यांची आहे, अशा अर्थाचं. आणि निवड झाली ती त्या शेवटच्या वाक्याची.

ही गोष्ट पुष्कळदा स्नेडेकरांच्या मोठेपणाची म्हणून सांगितली जाते. आम्हाला ते काही पूर्ण पटत नाही. ते गृहस्थ चांगलेच होते, प्रश्न त्याचा नाही. पण इतकी वर्षं शेजारी बसून काम करणाऱ्या बाईचं नाव त्यांना आपणहून सुचलं नाही. ते बाईंनी विचारलं म्हणून सुचलं.

कॉक्सबाई त्या कॉलेजातल्या पहिल्या महिला प्रोफेसर आणि पहिल्या महिला विभागप्रमुख झाल्या. डॉक्टरेट त्यांच्याकडे नव्हती. आयोवा स्टेटनं ती सन्मान म्हणून दिली, तीही १९५८ मध्ये. त्यांनी विभाग बांधला तो कृषी संशोधनाच्या गरजेतून. इथल्या संख्याशास्त्रज्ञांनी नुसतं फळ्यावर शिकवायचं नाही, संशोधकांबरोबर प्रयोगात उतरायचं, अशी रीत. १९४५ पासून दहा वर्षं त्यांनी जीवशास्त्रातल्या संख्याशास्त्राचं 'बायोमेट्रिक्स' हे नियतकालिक संपादित केलं. कॉक्रन यांच्याबरोबरचं 'एक्सपेरिमेंटल डिझाइन्स' १९५० मध्ये आलं. १९५६ मध्ये त्या अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. पुढे इजिप्त आणि थायलंडलाही कामासाठी गेल्या. १९७८ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं त्यांचं निधन झालं. आजारपणात त्यांनी स्वतःच्या उपचारांची बारीक नोंद ठेवली, आणि स्वतःला त्या 'प्रयोगातला एक वाफा' असल्यासारखं संबोधत.

आपल्याकडे हा विचार कसा आला, ते आता सांगतो. फिशर १९३८ मध्ये कोलकात्याला भारतीय संख्याशास्त्र परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले होते. तिथं ते म्हणाले, की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे मेलेल्याचं पोस्टमॉर्टेम करून घेणं. कशानं मेला ते तो सांगेल, एवढंच. ऐकणाऱ्या पिढीत आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मेही येतात. १९११ चा जन्म, लंडनहून १९३६ मध्ये डॉक्टरेट. १९४० पासून ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत होते.

तेव्हा पिकाचा अंदाज कसा काढत? नजरेनं. सोळा आण्यांपैकी यंदा किती आणे पीक, हीच ती आणेवारी. बांधावर उभं राहून बघायचं आणि सांगायचं. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी म्हटलं, चिठ्ठ्या टाकून शेतं निवडा, शेतातली जागाही तशीच निवडा, ठरलेल्या मापाचा तुकडा कापा, मळा, वजन करा. दोघांनी १९५४ मध्ये शेतीत काम करणाऱ्यांसाठी संख्याशास्त्राचं पुस्तकही काढलं. त्याच वर्षी सुखात्म्यांचा नमुना पाहणीवरचा मोठा ग्रंथ दिल्लीबरोबर आयोवा स्टेटच्या छापखान्यातूनही निघाला, कॉक्सबाई जिथं घडल्या त्याच एम्स गावातून.

तुकडा केवढा कापायचा, यावर तेव्हा मोठा वाद झाला. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकडे घेत, कारण काम लवकर उरकतं. सुखात्म्यांनी दाखवलं, की फार लहान तुकड्यात उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त निघतं. का? पुरी आणि भाकरी डोळ्यांपुढे आणा. पुरी लहान, पण पिठाच्या मानानं तिला काठ जास्त. लहान तुकड्यालाही काठ जास्त, आणि काठावरचं रोप आत की बाहेर असा प्रश्न पडला की कापणारा ते आत धरतो. एकेक रोप करता करता एकरी उत्पन्न फुगतं.

आज आपल्या शिवारात पीक कापणी प्रयोग होतो तो याच कामातून आलेला. बहुतेक पिकांना १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद प्लॉट. जागा कुणी बोटानं दाखवायची नसते, ती आधी काढलेल्या आकड्यांवरून पावलं मोजून ठरते. पीक विम्याची भरपाई ठरवताना या वजनाचा आधार घेतला जातो, म्हणून फुगलेला आकडा म्हणजे कमी झालेली भरपाई. आपल्या गावात कृषी किंवा महसूल खात्याचे कर्मचारी दोरी घेऊन आले, की गटातल्या दोघीतिघींनी जाऊन उभं राहावं. जागा कशी निवडली ते विचारावं. दोरीवर आलेल्या रोपाचा बुंधा आत आहे की बाहेर, ते वाकून बघावं. आणि काट्यावरचं वजन आपल्याही वहीत लिहून घ्यावं, तारीख आणि गट नंबर घालून.