गोळी बांधणारा डिंक : एक ऐतिहासिक टिपण

१९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात बाभळीचा डिंक बाळंतिणीच्या लाडवांमुळे सुपरिचित आहे. औषधी गोळीशी असलेला त्याचा संबंध मात्र दुर्लक्षित राहिला.

मध्ययुगीन शार्ङ्गधरसंहितेत वटी बांधण्यासाठी चूर्णाच्या चौपट साखर, दुप्पट गूळ, तर गुग्गुळ समभाग सांगितला आहे. गुग्गुळ हा राळयुक्त डिंक बंधक खरा, पण स्वतः औषधही. १८४३ मध्ये इंग्लंडात विल्यम ब्रॉकेडन यांनी गोळ्या दाबून घडविण्याचे पेटंट घेतले. पेन्सिलीचे ग्रॅफाइटही त्याच रीतीने दाबावयाचे होते! यांत्रिक गोळीत पुढे बाभूळवर्गीय डिंकाचे द्रावण बंधक म्हणून रूढ झाले. परंतु त्यामुळे गोळी कठीण होऊन पोटात उशिरा फुटते. म्हणून पिष्ट व कृत्रिम बहुवारिके पुढे आली. बंधकाची गणना आज निष्क्रिय द्रव्यांत होते. गुग्गुळकल्पांना ही विभागणी लावता येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.