कांद्याची खते

कांद्याची खते : कांद्याच्या पिकाला अन्नद्रव्ये पुरवण्यासाठी वापरली जाणारी सेंद्रिय व खनिज (रासायनिक) खते. कांद्याची मुळे तंतुमय व उथळ असून बहुतांशी जमिनीच्या वरच्या १५–२० सेंमी. थरातच पसरतात, त्याखाली झिरपलेले नत्र त्यांना मिळत नाही. त्यामुळे या पिकात खताच्या मात्रेइतकेच ते देण्याच्या वेळेलाही महत्त्व आहे.

सेंद्रिय खते : हेक्टरी २०–२५ टन चांगले कुजलेले शेणखत शेवटच्या कुळवणीबरोबर मातीत मिसळतात. शेणखताची टंचाई असेल तेथे ताग किंवा धैंचा फुलोऱ्याच्या सुमारास गाडतात. मोकळ्या रानात मेंढ्या बसवण्याची रीतही महाराष्ट्रात जुनी आहे. पुसदचे (जि. यवतमाळ) नारायण पांढरीपांडे यांच्या नावावरून ओळखले जाणारे नाडेप कंपोस्ट विटांच्या जाळीदार हौदात काडीकचरा, शेण व माती यांचे थर रचून ३–४ महिन्यांत तयार होते, त्याला शेण थोडे लागते.

शेणखतात सुमारे ०·५ टक्के नत्र असते. २० टनांचा हिशेब केला, तर १०० किग्रा. नत्र होते, पण पहिल्या हंगामात त्यातील काही भागच पिकाला मिळतो. शेणखताचे खरे मोल जमीन भुसभुशीत ठेवण्यात व ओल धरण्यात आहे, कारण घट्ट जमिनीत कांदा नीट पोसत नाही. कच्च्या शेणखताबरोबर हुमणी ही कीड व तणाचे बी शेतात येते.

खनिज खते : महाराष्ट्रात प्रचलित असलेली शिफारस हेक्टरी १०० किग्रा. नत्र, ५० किग्रा. स्फुरद व ५० किग्रा. पालाश अशी आहे; माती परीक्षणानुसार तीत बदल करावा लागतो. अर्धे नत्र आणि सर्व स्फुरद व पालाश लागवडीच्या वेळी देतात. उरलेले नत्र दोन हप्त्यांत, साधारणपणे ३० व ४५ दिवसांनी देतात. लागवडीला ६० दिवस झाल्यावर नत्र देऊ नये. उशिरा दिलेल्या नत्राने पात वाढत राहते, मान जाड होते व ती नीट वाळत नाही. असा कांदा साठवणीच्या चाळीत लवकर सडतो व मोड धरतो. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये काढून चार-पाच महिने साठवायचा असतो. म्हणून काढणीच्या वेळच्या वजनापेक्षा चाळीत किती कांदा टिकला, हीच खतव्यवस्थेची खरी कसोटी होय.

गंधक : कांद्याचा तिखटपणा व वास गंधकयुक्त संयुगांमुळे असतो. हेक्टरी ३०–५० किग्रा. गंधकाची शिफारस आढळते. ५० किग्रा. स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून (१६ टक्के स्फुरद, सुमारे ११ टक्के गंधक) द्यायचे, तर ३१२ किग्रा. खत लागते आणि त्याबरोबर सुमारे ३४ किग्रा. गंधक आपोआप मिळते. तेवढेच स्फुरद डीएपीच्या (डायअमोनियम फॉस्फेट) १०९ किग्रा.मध्ये येते व वाहतूक स्वस्त पडते, पण गंधक मिळत नाही. डीएपी वापरल्यास गंधक वेगळे द्यावे किंवा नत्राचा काही भाग अमोनियम सल्फेटमधून द्यावा.

जैविक खते : ॲझोस्पिरिलम व स्फुरद विरघळवणारे जिवाणू यांच्या द्रावणात रोपांची मुळे बुडवून लागवड करतात.

केवळ सेंद्रिय खतांवर घेतलेल्या कांद्याच्या उत्पादनाबाबत मतभेद आहेत.